मशीनवर बसलेला बोअर रात्रीत आटला: ॲसिटल बुशच्या टर्निंगमधलं स्पीड-फीड

एप्रिलचा दुसरा आठवडा, भोसरी एमआयडीसीतलं पत्र्याच्या शेडचं छोटं वर्कशॉप. दोन ऑल गिअर लेथ, एक बँडसॉ, एक ड्रिल मशीन. रोजचं काम माइल्ड स्टील आणि ईएन-८ स्टीलचं: पिना, स्पेसर, लहान शाफ्ट. चाकणच्या एका पॅकेजिंग मशीन बनवणाऱ्या ग्राहकाकडून १२० गाइड बुशची, म्हणजे आत दांडा सरकतो अशा जाड नळ्यांची, ऑर्डर आली. मटेरिअल पांढरं ॲसिटल, एक कडक प्लास्टिक. बाहेरचा व्यास ६० मि.मी., वर शून्य आणि खाली ०.१२, म्हणजे ५९.८८ ते ६०. बोअर, म्हणजे आतलं भोक, ४०, खाली शून्य आणि वर ०.०६२. लांबी ४५, अधिक-उणे ०.१. बोअरचं फिनिश आर-ए (पृष्ठभागाचा सरासरी खडबडीतपणा) १.६ मायक्रॉन. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती: सर्व मापं २३ अंश सेल्सिअसला. ती कोणी वाचली नाही.

पहिला ३० नगांचा लॉट दुसऱ्या दिवशी परत आला. मशीनवर ४०.०३ ते ४०.०५ दाखवणारे बोअर ग्राहकाच्या क्यूसीत (तपासणी विभागात) ३९.९३ ते ३९.९५ भरले. ३० पैकी ९ नगांचा बाहेरचा व्यासही ५९.८८ च्या खाली गेला होता. बोअर लहान राहिला तर पुन्हा घेता येतो, बाहेरून कमी झालेलं परत भरता येत नाही, म्हणून ते ९ थेट भंगारात गेले. उरलेल्यांतल्या काहींचा बोअर तर डायल गेजवर सगळीकडे सारखा दिसे, पण प्लग गेज (नेमक्या मापाचा, भोकात घालून बघायचा दंडगोल) तोंडाशीच अडकत असे.

ऑपरेटरचं म्हणणं साधं होतं: “दादा, माझ्यासमोर माप घेतलंय. मशीनवर बरोबरच होतं.” ते खोटं नव्हतं. मशीनवर माप खरोखरच बरोबर होतं, फक्त ते गरम बुशचं होतं.

काय लावलं होतं

टूल तेच, स्टीलला रोज चालणारं: कोटिंगवालं सीएनएमजी १२०४०८ इन्सर्ट (टूलच्या टोकावर बसणारा कापणारा तुकडा), बोअरिंगलाही निगेटिव्ह भूमितीचाच, म्हणजे बोथट कोनाचा, बार. स्पिंडल ४२० आरपीएम. रफिंगचा (ढोबळ कटाचा) फीड, म्हणजे दर फेऱ्याला टूल पुढे सरकतं ते अंतर, ०.१ मि.मी., फिनिशिंगचा ०.०५. बोअरला शेवटचे तीन कट ०.१-०.१ मि.मी. डेप्थचे. प्लास्टिक नाजूक, म्हणून हळू आणि बारीक चालवायचं, असा हिशेब. कामाचा क्रम असा: बाहेरून टर्निंग, ३८ चं ड्रिल एका दमात, पार्टिंग (कापून सुटं करणं), आणि मग सुटा तुकडा साध्या तीन जॉच्या (पकडणाऱ्या जबड्यांच्या) चकात धरून बोअर फिनिश. हा क्रम स्टीलच्या बुशला चालतो. इथे त्यातली जवळपास प्रत्येक गोष्ट उलटी पडली.

आधी उष्णतेचं बघू, कारण बाकीचं तिच्याच मागे येतं.

स्टीलमध्ये कटिंगची काही उष्णता चिप नेते, उरलेली जॉब आणि टूल वाटून घेतात, पण स्टीलची उष्णतावाहकता मीटर-केल्विनला ५० वॅटच्या आसपास असल्याने ती अंगभर पसरते आणि चकात जिरते. ॲसिटलची वाहकता ०.३ च्या आसपास. जिथे घर्षण होतं तिथेच उष्णता साचते. त्यात ॲसिटलचं रेषीय प्रसरण दर अंशाला दशलक्षात सुमारे ११०, स्टीलचं ११-१२. म्हणजे ४० च्या बोअरला दर अंशामागे ४.४ मायक्रॉन. कट संपताच इन्फ्रारेड थर्मामीटर बोअरच्या आत धरला तर ४६ अंश दिसले. पांढऱ्या प्लास्टिकची एमिसिव्हिटी (उष्णता किरणांनी बाहेर टाकण्याची क्षमता) ०.९ च्या वरच असते, त्यामुळे असल्या स्वस्त थर्मामीटरचं ०.९५ चं फॅक्टरी सेटिंग इथे चालून जातं. चकचकीत स्टीलवर मात्र तेच उपकरण साफ खोटं बोलतं. ४६ वरून २३ वर यायचं तर २३ अंश, गुणिले ४.४, म्हणजे ०.१०१ मि.मी. मशीनवरचा ४०.०४ क्यूसीच्या थंड खोलीत ३९.९४ होतो. टॉलरन्सच, म्हणजे मापातली सूट, एकूण ०.०६२ चा. बुश रात्रीत आटला म्हणतात तो इतकाच आटला, आणि गणिताप्रमाणे अगदी तंतोतंत आटला.

बारीक फीडने उष्णता वाढते, ती कशी

हा भाग बहुतेकांना पटत नाही, म्हणून आकडे मांडतो. ४५ मि.मी. लांबीचा बोअर ०.०५ च्या फीडने घेतला तर टूल ९०० फेरे मारतं. ४० व्यासाचा परीघ १२५.७ मि.मी. म्हणजे टूलची धार प्लास्टिकवरून ११३ मीटर घासत जाते. असे तीन कट म्हणजे ३३९ मीटर. आरपीएम ४२० असो की १२००, हे अंतर बदलत नाही, ते फक्त फीडवर ठरतं. आता फीड ०.१२ केला आणि एकच कट ठेवला: ३७५ फेरे, ४७ मीटर. घासण्याचा सातवा हिस्सा.

त्यातही ते निव्वळ घासणंच होतं. स्टीलसाठीच्या कोटिंगवाल्या इन्सर्टची धार मुद्दाम गोल केलेली असते, नाहीतर ती स्टीलमध्ये तुटेल. ही गोलाई साधारण ०.०३ ते ०.०५ मि.मी. फीड ०.०५ लावला की चिपची जाडी आणि धारेची गोलाई सारखीच होते. मग टूल कापत नाही. मटेरिअल आधी खाली दाबतं, ढकलतं, आणि दाबलेलं ॲसिटल टूल पुढे गेल्यावर पुन्हा वर उठतं. ॲसिटलचा स्थितिस्थापकता गुणांक सुमारे ३ गिगापास्कल, स्टीलचा २०५, त्यामुळे हे उठणं चांगलंच दिसतं. ऑपरेटर मायक्रोमीटर लावतो, मटेरिअल राहिलेलं दिसतं, तोच कट पुन्हा फिरवतो. म्हणजे आणखी ११३ मीटर घासणं.

चिप बघून हे लगेच कळतं. घासणाऱ्या टूलखालून पिंजलेल्या कापसासारखा भुगा निघतो, बोटात चुरगाळला की कोमट लागतो, आणि बोअरचा पृष्ठभाग दुधाळ, जरासा लवदार दिसतो. नखाने खरवडलं तर लव उठते. कापणाऱ्या टूलखालून अखंड, गुळगुळीत, एकसारख्या जाडीची फीत येते. आधी फीत मिळवायची, आकडे नंतर.

स्पीडबद्दलची भीती अर्धी खरी आहे. ॲक्रिलिक, पीव्हीसी, पॉलिथिलीन यांत स्पीड डोक्यावर गेला की मटेरिअल चिकटतं, टूलवर गोळा बसतो. ॲसिटल मात्र या बाबतीत सगळ्यात सरळ स्वभावाचं. मिनिटाला ३०० मीटरपर्यंत ते विनातक्रार कापलं जातं, अट एकच: धार हवी. ४२० आरपीएमला ६५ मि.मी. व्यासाच्या कच्च्या रॉडवर स्पीड येतो ८६ मीटर, ४० च्या बोअरवर तर जेमतेम ५३. एवढ्या कमी स्पीडने ॲसिटलचं वाकडं काही होत नाही, पण टूल आत जास्त वेळ राहतं आणि चिप बाहेर न फेकली जाता आळसावून जॉबभोवतीच गुंडाळते. बोअरच्या आत गुंडाळलेली चिप प्रत्येक फेऱ्याला भिंत घासते, म्हणजे पुन्हा तीच उष्णता.

नवी मांडणी

आधी टूल बदललं. ॲल्युमिनिअमसाठी येणारं, बिनकोटिंगचं, घासून पॉलिश केलेलं पॉझिटिव्ह इन्सर्ट, सीसीजीटी ०९टी३०४. ७ अंशाचा क्लिअरन्स, नोज रेडियस (टोकाची गोलाई) ०.४, धार अशी की नखावर हलकेच टेकवली तरी पकडते. असं इन्सर्ट नसेल तर एचएसएसचं (हाय-स्पीड स्टीलचं) टूल ग्राइंडरवर लावून, ऑइल स्टोनने धारेवरची बर (उठलेली कड) काढून घेतलं तरी तेच काम होतं. फक्त ते टूल परत स्टीलला वापरायचं नाही. स्टीलवर दोन कट मारलेली धार डोळ्यांना चांगली दिसते आणि प्लास्टिकमध्ये घासते. त्यासाठी वेगळ्या डबीला लाल टेप लावून ठेवली. टूलची उंची बरोबर सेंटरला. स्टीलमध्ये बोअरिंग टूल जरा वर ठेवायची सवय असते, ती इथे सोडावी.

मग वाया जाणाऱ्या एका ठोकळ्यावर चाचणी. ७७० आरपीएम, डेप्थ ०.५, आणि दर १५ मि.मी.ला फीड बदलत ०.०५, ०.०८, ०.१२, ०.२, ०.३. धारदार टूलने ०.०५ लाही पृष्ठभाग ठीक आला, पण चिप केसासारखी बारीक, ती टूल पोस्टवर जटा करून बसली. ०.३ ला चुडीसारख्या रेघा उघड दिसल्या. इथे सूत्र कामाला येतं: फीडचा वर्ग भागिले नोज रेडियसची आठपट, ही रेघांची सैद्धांतिक उंची. ०.१२ चा वर्ग ०.०१४४, भागिले ३.२, म्हणजे ४.५ मायक्रॉन. आर-ए त्याच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतका, १.१ च्या आसपास. ०.२ ला हीच उंची १२.५ मायक्रॉन होते आणि आर-ए ३ च्या वर जातो. १.६ मागणाऱ्या ड्रॉइंगला ०.२ चालणार नाही, ०.०५ ची गरज नाही. ०.१२ ठरला. नोज रेडियस ०.८ घेऊन फीड ०.१५ ठेवता आला असता, पण मोठा नोज भिंतीला जास्त रेटतो. बुशची भिंत १० मि.मी. आहे, म्हणून कदाचित चाललंही असतं. ४-५ मि.मी.च्या भिंतीला मात्र ०.४ च्या वर जाऊ नये.

स्पीड शेवटी ठरवला, आणि तोही मशीनकडे बघून. या लेथची कमाल १२०० आरपीएम. ६५ व्यासाला २४५ मीटर, ४० च्या बोअरला १५१. ७७० आणि १२०० च्या पृष्ठभागात डोळ्यांना फरक दिसला नाही, पण १२०० ला चिप सरळ बाहेर फेकली गेली आणि बोअरचा फिनिश कट १९ सेकंदांत संपला. आधीच्या मांडणीत एकेका कटाला दोन मिनिटांच्या वर लागत होते. १२०० लावण्याआधी चकवर कोरलेली कमाल आरपीएम वाचून घेतली. जुन्या कास्ट आयर्न चकची हद्द कमी असू शकते, आणि वेगात जॉ स्वतःच्या वजनाने बाहेर ओढले जाऊन पकड सैल होते. प्लास्टिकचा जॉब मुळातच हलक्या हाताने धरलेला असतो, त्यामुळे इथे हे स्टीलपेक्षा लवकर अंगाशी येतं.

पकडीचं दुखणं वेगळं

प्लग गेज अडकणाऱ्या नगांचा उष्णतेशी संबंध नव्हता. सुटी नळी तीन कडक जॉमध्ये आवळली की तिचा तीन कोपऱ्यांचा आकार होतो. त्या अवस्थेत बोअर गोल कापला आणि जॉ सोडले की बाहेरचा आकार पूर्ववत होतो आणि बोअर तिकोना होतो. गंमत अशी की दोन टोकांनी मोजणाऱ्या डायल बोअर गेजला हा तिकोना दिसतच नाही, कारण एका बाजूच्या फुगीर भागासमोर बरोबर खोलगट भाग येतो आणि व्यास सगळीकडे सारखाच भरतो. तीन टोकांचा मायक्रोमीटर किंवा प्लग गेज लावल्याशिवाय हे पकडता येत नाही. ऑपरेटरने डायल गेज चारही बाजूंनी फिरवून बघितला होता. त्याने आणखी चाळीस वेळा फिरवला असता तरी काटा हलला नसता.

इलाज दोन. एक, बोअर आणि बाहेरचा व्यास दोन्ही एकाच पकडीत, बुश ठोकळ्याला जोडलेला असतानाच संपवायचे आणि पार्टिंग सगळ्यात शेवटी. दोन, कडक जॉऐवजी रुंद तोंडाचे सॉफ्ट जॉ, जॉबच्या व्यासाला बोअर केलेले, म्हणजे पकड तीन रेषांवर न राहता जवळपास पूर्ण घेरावर पसरते. एक्स्ट्रुडेड रॉड नावाला ६५ असला तरी तो नेहमी काही दशांश मि.मी. जाडच येतो, म्हणून जॉ रॉडच्या प्रत्यक्ष मापाला कापले. चकची चावी एका हाताने, पाइप न लावता. पाइप लावून आवळायची सवय ज्याच्या हाताला आहे त्याला हे पहिले दोन दिवस जमत नाही.

मटेरिअल खरोखर ॲसिटलच आहे का

भोसरीच्या बाजारात पांढऱ्या रॉडला सरसकट ‘डेलरिन’ म्हणतात. डेलरिन हे मुळात ड्यूपाँटने आणलेल्या होमोपॉलिमर ॲसिटलचं नाव, आणि दुकानात मिळतं ते बरेचदा कोपॉलिमर. या कामाला दोन्ही चालतात. होमोपॉलिमर रॉडच्या मधोमध कधी कधी बारीक छिद्रांची रेघ असते, पण इथे मधला भाग ड्रिलमध्येच जाणार. खरी अडचण तेव्हा येते जेव्हा पांढरं नायलॉन ॲसिटल म्हणून पदरात पडतं. वजनकाट्यावर एक मिनिटात उलगडा होतो: ६५ व्यासाचा एक मीटर ॲसिटल रॉड सुमारे ४.७ किलो, नायलॉन-६ चा ३.८, पॉलिथिलीनचा ३.२ च्याही खाली. वजन करूनच रॉड आत घेतले.

एका बुशला ६८ मि.मी.चा ठोकळा लागतो: ४५ बुशचे, १ फेसिंगचा, ३ पार्टिंगचे, १९ पकडीचे. बँडसॉचे २ धरून मीटरला १४ ठोकळे. स्पिंडलचं भोक ५२ चं असल्याने रॉड आरपार घालता येत नव्हता, नाहीतर पकडीचे १९ वाचले असते. शेवटी उरणाऱ्या चकत्या फेकल्या नाहीत. पुढच्या चाचण्या त्यांच्यावरच झाल्या.

प्रत्यक्ष क्रम

एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. तिचा इथे उपयोग करून घेतला: बुधवारी सगळं रफिंग, शुक्रवारी फिनिशिंग. एक्स्ट्रुजनमध्ये रॉडच्या अंगात ताण राहतात. मधला मोठा गाभा काढला की ते सुटतात आणि जॉब जरासा हलतो. तो हलून घेईपर्यंत फिनिश कट घेऊ नये. दीड दिवस पुरेसा झाला.

ड्रिलिंग ही या जॉबमधली सर्वांत गरम पायरी, म्हणून तिच्याकडे नीट लक्ष दिलं. १२, मग २५, मग ३६, अशा तीन पायऱ्या. ड्रिलच्या दोन्ही ओठांवर ऑइल स्टोनने एक बारीक सपाट पट्टी काढली, रेक, म्हणजे धारेच्या कलाचा कोन, शून्याजवळ आणला. हे न केल्यास ड्रिल ॲसिटलमध्ये स्क्रूसारखं आत खेचलं जातं आणि टेलस्टॉकमधून (लेथच्या मागच्या आधारातून) ड्रिलचा टेपर निसटून जॉबबरोबर फिरायला लागतं. ३६ च्या ड्रिलला ४२० आरपीएम, म्हणजे मिनिटाला ४७ मीटर. दर १५-२० मि.मी.ला ड्रिल पूर्ण बाहेर, चिप साफ, हवेचा झोत, पुन्हा आत. थांबून राहायचं नाही. फिरणारं ड्रिल एका जागी टेकून ठेवलं की दहा सेकंदांत भोकाची भिंत चकाकायला लागते, ती चकाकी म्हणजे वितळलेला थर. पूर्वीप्रमाणे ३८ चं ड्रिल एका दमात घातलं तर बोअरिंग सुरू होण्याआधीच जॉब तापलेला असतो.

रफिंग टर्निंगला १२०० आरपीएम, फीड ०.३, डेप्थ २, एकाच कटात ६५ वरून ६१. बोअर ३६ वरून ३९, फीड ०.२५. इथे चिपची दोरी मोठी आणि चिवट येते. तिच्यासाठी दोन युक्त्या वापरल्या. बाहेरच्या बाजूला ठोकळ्यावर बँडसॉने लांबीच्या दिशेने एक उथळ चीर पाडली, खोली दीड मि.मी., म्हणजे कटाच्या आतच संपणारी. दर फेऱ्याला फीत त्या चिरेपाशी कमजोर होते आणि बऱ्याचदा तुटते. बोअरमध्ये चीर शक्य नाही, पण भोक आरपार आहे, म्हणून पुढून हवेचा नोझल लावला आणि चिप स्पिंडलमधून मागे जाऊ दिली. स्पिंडलच्या मागच्या टोकाला गोणी बांधली. दर पाच नगांनी स्पिंडलचं भोक मोकळं केलं, नाहीतर तिथेच गुंता होतो. गुंता झालाच तर मशीन पूर्ण थांबवून, आकड्याने काढायचा. फिरत्या जॉबवर हातमोजा घालून दोरी ओढणं म्हणजे बोट देऊन बसणं. ही दोरी सुतळीसारखी दिसते, पण हाताने तुटत नाही.

शुक्रवारच्या फिनिश कटासाठी बाहेरून आणि आतून ०.५-०.५ मि.मी. ठेवलं होतं. १२०० आरपीएम, फीड ०.१२, एकच कट, हवेचा झोत चालू. पार्टिंग ७७० ला, ३ मि.मी.च्या धारदार एचएसएस ब्लेडने, फीड हाताने पण ठाम. टेलस्टॉकमध्ये एक लाकडी दांडा धरला, सुटलेला बुश त्यावर अडकतो, खाली पडून कडा दबत नाही. मागची बाजू नंतर ६० च्या सॉफ्ट जॉमध्ये, फक्त फेसिंग आणि चॅम्फर (कड तिरकी मारणं).

कुलंट (थंड करणारं द्रव) नाही. ॲसिटलला पाण्याचं कुलंट चालतं, पण हवा पुरली आणि जॉब कोरडा राहिल्याने माप लगेच घेता आलं. पॉलिकार्बोनेट किंवा ॲक्रिलिक असतं तर रोजचं कटिंग ऑइल चुकूनही लावू नये, त्यांना बारीक तडे जातात आणि तेही कधी कधी दोन दिवसांनी.

एक सावधानता इथे सांगायलाच हवी. ॲसिटल जळलं तर ज्योत फिकट निळी, उजेडात जवळपास न दिसणारी, आणि धुरात फॉर्मल्डिहाइड. डोळे चुरचुरले की कट थांबवायचा, कुठेतरी मटेरिअल जळतंय. चिप्सची गोणी वेल्डिंग आणि ग्राइंडरपासून लांब. शेजारच्या गाळ्यात ग्राइंडिंग चालू असेल तर ठिणग्यांचीही दखल घ्यायची.

माप कुठे घ्यायचं

एवढं करूनही एक गाठ उरली होती. नव्या मांडणीत बुश शेडच्या तापमानापेक्षा फार गरम होत नव्हता, तासाभरात पूर्ण निवत होता. पण शेडचंच तापमान दुपारी ३६. तिथे निवलेला बुशही २३ अंशांपेक्षा १३ अंश गरम. १३ गुणिले ४.४, म्हणजे ५७ मायक्रॉन. स्टीलचं गेजही तेवढंच तापलेलं, पण ते वाढतं फक्त ६ मायक्रॉन. फरक ५१ मायक्रॉनचा. म्हणजे भोसरीच्या शेडमध्ये एप्रिलच्या दुपारी चांगला बुश गेजवर ४०.०५ ते ४०.११ दाखवणार. ग्राहकाने दिलेल्या प्लग गेजची न जाणारी बाजू ४०.०६२ ची, ती चांगल्या नगात सरळ आत जाणार आणि ऑपरेटर तो नग मोठा झाला म्हणून बाजूला टाकणार. उलट, जो नग शेडमध्ये गेजला नेमका बसेल तो ग्राहकाकडे लहान भरणार. आधीच्या लॉटमध्ये हेही भर घालत होतं.

तोडगा खर्चिक नव्हता. मशीनवर डायल बोअर गेजने लक्ष्य ४०.०८ ठेवलं, म्हणजे २३ अंशांना ४०.०३, टॉलरन्सचा मध्य. प्लग गेज मशीनजवळ ठेवायचा बंद केला. मालकांच्या केबिनमध्ये एसी आहे, तो २३ वर ठेवून बुश आणि गेज दोन्ही तिथे दोन तास ठेवायचे आणि मग तपासायचे. “मामा, गेज आत माझ्या टेबलावर राहील, मशीनवर मागायचा नाही,” एवढा मालकांचा नियम. मायक्रोमीटर लावताना रॅचेट एकदाच वाजवायचा, तीनदा वाजवला की प्लास्टिक दबतं आणि बाहेरचं माप दोन-तीन मायक्रॉन कमी दिसतं.

वाचलेले २१ बुश दुरुस्त करताना मात्र वेगळी पंचाईत होती. त्यांचा बोअर प्रत्येक बाजूला फक्त ०.०४५ वाढवायचा होता. इतका उथळ कट जुन्या इन्सर्टने घेतला असता तर पुन्हा घासणंच झालं असतं. नव्या धारदार इन्सर्टच्या कोऱ्या कोपऱ्याने, ६० च्या सॉफ्ट जॉमध्ये हलक्या पकडीत, एकच कट, पुन्हा फिरवायचा नाही, असं ठरलं. तिकोना झालेल्या ४ नगांत हा कट सगळीकडे लागलाच नाही, ते सोडून द्यावे लागले. १७ पास झाले.

हाच बुश नायलॉन-६ मध्ये मागितला असता तर वरचे स्पीड-फीड जवळपास जसेच्या तसे लागले असते, पण मापाची भानगड निराळी झाली असती. नायलॉन हवेतली ओल पितं. ५० टक्के आर्द्रतेत ते हळूहळू वजनाच्या अडीच-तीन टक्के पाणी घेतं आणि दर एक टक्क्याला लांबी-रुंदीत दोन-तीन हजारांश फुगतं. पुण्याची एप्रिलमधली दुपार कोरडी ठक्क, जुलै-ऑगस्टात आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास. उन्हाळ्यात केलेला ४० चा नायलॉन बोअर पावसाळ्यात दोन दशांश मि.मी.पेक्षा जास्त हलू शकतो. त्याला ०.०६२ चा टॉलरन्स लिहिणाऱ्याशी आधी फोनवर बोलावं, रॉड नंतर कापावा.

ॲसिटलच्या या ऑर्डरचं सेटिंग शीट आता लेथच्या हेडस्टॉकवर चिकटवलेलं आहे. त्यात मशीनवरचं लक्ष्य एकच आकडा नाही, शेडच्या तापमानाप्रमाणे आहे: ३६ अंशांना ४०.०८, ३० ला ४०.०६, २३ ला ४०.०३. डिसेंबरात सकाळची शिफ्ट सुरू होते तेव्हा शेडमध्ये १४ अंश असतात. त्या ओळीसमोर ४०.०० लिहिलंय.